रातचं सोंग, दुपारचा माणूस

खडीगंमतीला पडदा नसतो. विंग नसते, रंगपट तर नसतोच. मोर्शी तालुक्यात लहानपणी जी गंमत पाहिली, तिचा नाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे कंदिलाच्या उजेडात तयार व्हायचा आणि आम्ही पोरं फाळक्याला लोंबकळून ते सगळं पाहायचो. दाढी दोनदा तासलेली, तोंडाला पावडर, डोळ्यांत काजळ, बहिणीचं लुगडं. शेवटी चाळ. चाळ बांधण्याआधी तो ते कपाळाला लावायचा आणि त्यानंतर आमच्याशी एक शब्द बोलायचा नाही. सालबर्डीच्या यात्रेचे दिवस होते, संत्र्याच्या मृग बहाराची तोड चालू होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच माणूस एका बागेत क्रेट उचलताना दिसला. आम्ही त्याला त्याच्या रात्रीच्या नावानं हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही. पुन्हा मारली तेव्हा म्हणाला, “रातचं रातीच राहू द्या रे पोट्टेहो. आता तोड चालू हाये.”

रॉक गायकांच्या रंगमंचावरच्या दुसऱ्या रूपाविषयीची चर्चा आज कुठवर आली आहे, याचा आढावा घ्यायला सांगण्यात आलं तेव्हा पहिल्यांदा आठवलं ते हे वाक्य. प्रश्न साधा दिसतो. एखादा गायक गायला उभा राहतो तो स्वतः म्हणून नाही, तर वेगळं नाव, वेगळा चेहरा, वेगळी चाल घेतलेला कुणी दुसरा म्हणून. मग गाणं कुणाचं? त्या दुसऱ्यानं जे केलं त्याची जबाबदारी कुणावर? आणि कार्यक्रम संपल्यावर हा दुसरा जातो कुठे? पाश्चात्त्य देशांत यावर गेली पन्नासेक वर्षं लिहिलं जात आहे. मराठीत याच प्रश्नावर त्याहून जुनं लेखन आहे, पण ते बालगंधर्वांच्या चरित्रांत, तमाशाच्या अभ्यासात आणि संतचरित्रांत विखुरलेलं आहे. ही दोन कपाटं फारशी एकत्र उघडली जात नाहीत. इथे ती उघडून पाहायची आहेत.

शब्दांची झाडाझडती

आधी शब्द, कारण मराठीत या एका गोष्टीला एक शब्द नाही आणि ते सोयीचंच आहे. सोंग आपण ‘आणतो’, ‘घेतो’, ‘काढतो’. त्यात जाणीवपूर्वकता आहे, थोडी लबाडीही आहे. भूमिका ‘वठवतो’, इथे कसब आलं. वेश ‘धारण’ करतो, आणि तो वर्षानुवर्षं अंगावर राहू शकतो. शेवटचा शब्दप्रयोग ‘अंगात येणं’. इथे कर्ता माणूस नाहीच. जे यायचं ते येतं, माणूस फक्त जागा देतो. या चार पायऱ्या लक्षात ठेवल्या तर पुढचा बराचसा वाद नेमका कुठे आहे ते कळतं. निम्म्या वेळा एक बाजू सोंगाविषयी बोलत असते आणि दुसरी अंगात येण्याविषयी.

संस्कृत शास्त्रकारांनी हा प्रश्न प्रेक्षकाच्या बाजूनं सोडवू पाहिला. नट रामाची भूमिका करतो तेव्हा प्रेक्षकाला नेमकं काय दिसतं? श्रीशंकुकाचं उत्तर चित्रतुरगन्याय म्हणून ओळखलं जातं. भिंतीवरच्या चित्रातला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो. ते ज्ञान खरं नाही, खोटं नाही, संशयही नाही, नुसतं साम्यही नाही. अभिनवगुप्तांना हे अनुकरणाचं स्पष्टीकरण अपुरं वाटलं. त्यांच्या मते रसाच्या क्षणी नट आणि राम दोघांचंही व्यक्तिपण गळून पडतं. हजार वर्षांपूर्वीचा हा वाद ग्लॅम रॉकवरच्या पुस्तकांत वेगळ्या नावांनी पुन्हा भेटतो.

आमच्या तालुक्यापुरती एक नोंद इथे करायचा मोह आवरत नाही. रिद्धपूर मोर्शी तालुक्यात आहे. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. महानुभाव परंपरेप्रमाणे भडोचच्या हरपाळदेवाच्या मृत देहात द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी प्रवेश केला, आणि पुढे घर सोडून निघालेल्या त्या राजपुत्राला चक्रधर हे नाव दिलं ते याच रिद्धपुरात गोविंदप्रभूंनी. म्हणजे देह एकाचा, आत दुसरा आणि नाव तिसऱ्यानं दिलेलं. मराठी गद्य जिथून सुरू झालं, त्या परंपरेच्या मुळाशीच ही कथा आहे.

चेहरा रंगवलेले गायक

रॉकच्या बाजूनं पाहिलं तर या प्रश्नाचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ॲलिस कूपर. डेट्रॉइटमध्ये १९४८ साली जन्मलेला व्हिन्सेंट फर्निअर हा धर्मोपदेशकाचा मुलगा. ॲलिस कूपर हे नाव १९६८ च्या सुमारास आधी त्याच्या अख्ख्या बँडचं होतं, मग ते एकट्या गायकाचं झालं, पुढे त्यानं ते कायद्यानंही घेतलं. डोळ्यांभोवती काळे ओघळ, गळ्यात जिवंत अजगर, आणि १९७३ च्या दौऱ्यापासून रोज रात्री गिलोटिनखाली मुंडकं उडवून घेणं. त्या दौऱ्यात जल्लाद झाला होता जेम्स रँडी, पुढे बुवाबाजी उघडी पाडण्यासाठी प्रसिद्ध झालेला जादूगार. हे सगळं उघड उघड सोंगच. पण पहिली काही वर्षं कूपर हे सोंग घरीही घेऊन जात होता. लोकांना रोज ॲलिस हवा आहे, तर आपण चोवीस तास ॲलिसच असलं पाहिजे असं त्याला वाटे, आणि ते निभावण्यासाठी दारू होती. १९७७ मध्ये त्याला रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. १९८० च्या दशकात तो पूर्ण सुटला. त्यानंतर त्यानं एक करार केला, स्वतःशीच. ॲलिस रंगमंचावर राहील. बाहेर व्हिन्सेंट गोल्फ खेळेल. आजही तो ॲलिसविषयी ‘तो’ म्हणून बोलतो. पूर्वीचा ॲलिस पोक काढून उभा राहायचा, मार खाणारा बळी होता. दारू सुटल्यानंतरचा ॲलिस ताठ, उद्दाम खलनायक आहे, असंही त्यानं सांगितलं आहे. दोन माणसं वेगळी झाल्यावर सोंगाची पाठ सरळ झाली, हे मला या सगळ्या साहित्यातलं सर्वांत बोलकं निरीक्षण वाटतं.

डेव्हिड बोवीची गोष्ट याच्या उलट्या टोकाची. लंडनचा डेव्हिड जोन्स १९७२ मध्ये ‘झिगी स्टारडस्ट’ या परग्रहाशी नातं सांगणाऱ्या रॉक गायकाच्या रूपात आला. लाल केस, कपाळावर सोनेरी वर्तुळ, जपानी डिझायनर कान्साई यामामोटोचे कपडे. काबुकी रंगभूमीत पुरुषच स्त्रियांच्या भूमिका करतात. त्या परंपरेचा बोवीवर मोठा प्रभाव होता. ३ जुलै १९७३ रोजी हॅमरस्मिथ ओडियनच्या रंगमंचावरून त्यानं हा शेवटचा कार्यक्रम असल्याचं जाहीर केलं. त्याच्या स्वतःच्या बँडमधल्या सगळ्यांनाही हे आधी ठाऊक नव्हतं. एखादं पात्र जाहीरपणे मारून टाकण्याचा हा प्रकार रॉकमध्ये नवा होता. पण पुढे कित्येक मुलाखतींत बोवी सांगत राहिला की मारलेला झिगी नंतरही बरीच वर्षं त्याचा पिच्छा सोडत नव्हता.

किस या न्यूयॉर्कच्या बँडनं तिसरी वाट काढली. १९७३ पासून चौघांचे चार रंगवलेले चेहरे: राक्षस, तारा, अंतराळवीर, मांजर. १९८३ मध्ये त्यांनी रंग पुसला, १९९६ मध्ये पुन्हा चढवला. मधल्या काळात गाणी तीच असली तरी लोकांना हवा होता तो रंग, हे सिद्ध झालं. पुढे मूळचा अंतराळवीर एस फ्रेली बँड सोडून गेला, तेव्हा त्याचाच चेहरा टॉमी थायर नावाच्या दुसऱ्या गिटारवादकानं लावला. मुखवटा माणसाचा नव्हता, दुकानाचा होता.

या गर्दीत आपल्या राज्याशी जोडलेला एक माणूस आहे. झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला पारशी मुलगा फारोख बलसारा आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. तिथे तो फ्रेडी झाला, आणि शाळेतल्या मित्रांबरोबर १९५८ मध्ये ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढून पियानो वाजवू लागला. पुढे इंग्लंडात जाऊन त्यानं १९७० च्या सुमारास आडनाव मर्क्युरी केलं. त्यानं झिगीसारखं स्वतंत्र पात्र घडवलं नाही; मर्क्युरी हे आडनावच त्याचं पात्र. १९८६ च्या दौऱ्यात मुकुट आणि राजवस्त्र घालून येणारा हा गायक खाजगीत लाजरा आहे, असं तो स्वतः सांगायचा. पाचगणीतून निघालेला बलसारा आणि वेम्बलीतला मर्क्युरी यांच्यामध्ये सोंग कुठे सुरू होतं, हे कुणालाच दाखवता आलेलं नाही.

मुंबईच्या हेवी मेटलमध्येही हे रूप आहे. २००० साली सुरू झालेल्या डेमॉनिक रिझरेक्शनचा साहिल मखिजा ‘डेमनस्टीलर’ या नावानं गातो आणि इंटरनेटवर स्वयंपाक शिकवताना तेच नाव हसतखेळत वापरतो. अमरावतीचा रॅपर तर आणखी गमतीदार. सौरभ हे घरचं नाव त्यानं रोमन लिपीत मोडून असं लिहिलं की पुढे शंभराचा आकडा आला. हिंदीतला ‘सौ’ झाला शंभर. नाव बदललं आणि बदललंही नाही.

नारायण आणि भामिनी

मराठी कपाटातला सगळ्यात जाड ग्रंथ अर्थात बालगंधर्वांचा. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ चा. दहा वर्षांच्या नारायणाचं गाणं ऐकून टिळकांनी त्याला बालगंधर्व म्हटलं, आणि १९०५ मध्ये तो किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला, तो शकुंतला व्हायलाच. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीतल्या पहिल्या प्रयोगापासून मराठी रंगभूमीवर स्त्रीपार्ट पुरुषच करत. बालगंधर्व त्या परंपरेचा कळस आणि बऱ्याच अंशी शेवटही. ‘मानापमान’ची भामिनी, ‘स्वयंवर’ची रुक्मिणी, ‘एकच प्याला’ची सिंधू. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाल्यावर प्रेक्षकांत बसलेल्या बायका त्यांचं लुगडं नेसणं, गजरा माळणं, नथ घालणं पाहून घरी जात आणि तसंच करत. एक पुरुष मराठी मध्यमवर्गीय स्त्रीनं कसं दिसावं हे ठरवत होता. अभ्यासकांना या वाक्यानं गेली तीस वर्षं पुरेसं काम दिलं आहे.

या सोंगाची किंमत सांगताना एक रात्र सगळेच सांगतात: १२ मार्च १९११, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली. प्रयोग रद्द करावा अशी चर्चा झाली, पण ते उभे राहिले. भामिनी रंगली. चरित्रकारांनी ही हकिकत कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून रंगवली आहे. मला तीत दुसराही अर्थ दिसतो. ज्या संध्याकाळी नारायणाला बाप म्हणून उभं राहता येत नव्हतं, त्या संध्याकाळी भामिनीला उभं राहता आलं. सोंग हे ओझं होतं की आसरा, हे त्या रात्रीपुरतं तरी सांगता येत नाही.

पुढची हकिकत कमी रंगवली जाते. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ झाला तेव्हा भामिनी बालगंधर्वच होते. वय वाढलं, अंग सुटलं, तरी प्रेक्षकांना तीच तरुणी दिसत राहिली. याचा अर्थ सोंग आता नटाच्या अंगावर नव्हतं, प्रेक्षकांच्या डोळ्यांत होतं. प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये १९३५ साली ते एकनाथ म्हणून, पुरुषवेशात आले, तो चित्रपट त्यांच्या नाटकांसारखा लोकांच्या मनात घर करून राहिला नाही. दरम्यान १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रियांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या, आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस गोहरबाई कर्नाटकी कंपनीत आल्यावर नायिका त्या झाल्या, बालगंधर्व नायक. रंगमंचावर स्त्री आली आणि स्त्रीचं सोंग परत गेलं. ते नेमकं कुठे गेलं, हे कुणी विचारलं नाही.

कोण काय म्हणतं

आता भूमिका. ढोबळमानानं तीन बाजू दिसतात, पण त्यांतले लोक एकमेकांच्या अंगणात सर्रास जातात.

पहिली बाजू वेगळेपणाची. सोंग हे कसब आहे आणि कसबाचा पाया अंतरात आहे. दिदेरोचं नटावरचं प्रसिद्ध लेखन, जे त्याच्या मृत्यूनंतर १८३० मध्ये छापलं गेलं, हेच सांगतं: जो नट स्वतः रडतो तो प्रेक्षकाला रडवू शकत नाही. दारू सोडल्यानंतरचा कूपर या बाजूचा जिवंत साक्षीदार. मराठीत ‘तो उत्तम नट आहे, त्याच्या खाजगी आयुष्याशी आपला काय संबंध’ असं आपण म्हणतो तेव्हा आपण याच बाजूला असतो.

दुसरी बाजू गळतीची. सोंग रंगमंचावर थांबत नाही, ते घरात झिरपतं. बोवी, तरुणपणीचा कूपर, आणि ज्या-ज्या नटानं ‘त्या भूमिकेतून बाहेर यायला वेळ लागला’ असं सांगितलं ते सगळे. या बाजूचे अभ्यासक मुखवट्याला निरुपद्रवी मानत नाहीत, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे: रोज रात्री दोन तास क्रूर माणूस होणाऱ्याला क्रौर्याची सवय लागत नसेल, हे कशावरून?

तिसरी बाजू अशी की मागे खरा माणूस असतोच हे कुणी सांगितलं? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमनच्या १९५० च्या दशकातल्या लेखनानुसार आपण सगळेच दिवसभर वेगवेगळ्या रंगमंचांवर भूमिका करत असतो. कार्यालयात एक, सासुरवाडीत दुसरी. त्यावरून पुढे जात फिलिप ऑस्लँडरनं ग्लॅम रॉकवरच्या २००६ च्या पुस्तकात गायकाचे तीन थर वेगळे केले: प्रत्यक्ष माणूस, त्याचं सादरीकरणातलं रूप, आणि एखाद्या गाण्यातलं पात्र. मर्क्युरी हे दुसऱ्या थराचं उदाहरण, झिगी तिसऱ्या थरातून दुसऱ्यावर आलेला. ही मांडणी नेटकी आहे, बहुतेक प्रकरणांत उपयोगी पडते. माझी अडचण एवढीच की तिच्यात सोंग करणाऱ्याची जात, पैसा, गाव हे कुठेच येत नाही.

तिथेच मराठीतला वाद जास्त धारदार झाला आहे. नीरा आडारकरांनी १९९१ मध्ये आणि मीरा कोसंबींनी त्यांच्या २०१५ च्या पुस्तकात मराठी रंगभूमीकडे स्त्रीच्या जागेवरून पाहिलं. रंगमंचावर स्त्री असणं ज्या काळात बदनामीचं मानलं जात होतं, त्या काळात पुरुषानं केलेली स्त्री आदर्श ठरणं, यात स्त्रीला बाहेर ठेवूनच तिचं चित्र रंगवणं आहे, असा त्या लेखनाचा रोख. पारशी रंगभूमीवर काम केलेल्या कॅथरीन हॅन्सननं थोडी वेगळी बाजू मांडली: या स्त्रीपार्टी नटांनी स्त्रीत्वाची एक नवी, सार्वजनिक प्रतिमा घडवली, जिचा पुढे प्रत्यक्ष स्त्रियांनीही वापर केला. शर्मिला रेगेंनी लावणीवर लिहिताना आणखी एक धागा ओढला: लावणीची खरी कलावंतीण खालच्या जातीतली, आणि तिची लावणी सभ्य प्रेक्षकांसाठी साफ करून घेणारे मात्र दुसरेच. या तिन्ही मांडण्या एकमेकींना पूर्ण खोडत नाहीत. बालगंधर्वांचे चाहते मात्र आजही म्हणतात की त्या आवाजापुढे हे सगळं गौण आहे. आणि ध्वनिमुद्रिका ऐकताना त्यांना उत्तर देणं कठीण जातं, हेही खरं.

वऱ्हाडातले वेश

हे सगळे वाद मुंबई-पुण्याच्या थिएटरांतून घडलेले. वऱ्हाडात सोंग वेगळ्याच वाटांनी आलं.

मोर्शीच्या शेजारच्या चांदूरबाजार तालुक्यातलं माधान. तिथले गुलाबराव महाराज (१८८१ ते १९१५) बालपणीच दृष्टी गेलेले, प्रचंड ग्रंथकर्ते, मधुराद्वैताचे आचार्य. स्वतःला ते ज्ञानेश्वरकन्या म्हणवून घेत, कृष्णाची गोपी म्हणून भक्ती करत, कुंकू लावत, बांगड्या आणि मंगळसूत्र घालत. याला सोंग म्हणणं त्यांच्या भक्तांना पटणार नाही आणि ते चूकही आहे. पण भूमिका म्हणावं तर तिला प्रयोग नव्हता, रंगपट नव्हता, उतरवायची वेळ नव्हती. मधुराभक्तीची ती साधना होती. गंमत अशी की एका पुरुषानं घातलेलं मंगळसूत्र बालगंधर्वांच्या प्रेक्षकांना कौतुकाचं वाटलं, माधानच्या भक्तांना पूज्य वाटलं, आणि आमच्या ट्रॉलीमागच्या नाच्याला ते दुसऱ्या दिवशी नकोसं झालं. वस्तू एकच.

अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे डेबूजी जानोरकर १९०५ मध्ये घर सोडून निघाले. डोक्यावर खापराचं गाडगं, अंगात चिंध्यांचा झगा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा. लोकांनी त्यांना नाव दिलं ते त्या गाडग्यावरूनच. गाडगेबाबांचा वेश पाहिला की रॉकच्या अभ्यासकांनी त्यांचं नाव का ऐकलं नाही याचं आश्चर्य वाटतं. तोही विचारपूर्वक निवडलेला वेश होता, कीर्तनाआधीच त्यानं श्रोत्यांना बुचकळ्यात पाडलेलं असायचं. पण व्हिन्सेंटप्रमाणे घरी गेल्यावर दुसरा डेबूजी काढून ठेवायची सोय त्यांनी ठेवली नाही. १९५६ च्या डिसेंबरमध्ये अमरावतीच्या वाटेवर ते गेले तेव्हाही ते गाडगेबाबाच होते. कसबाची बाजू घेणाऱ्यांना आणि गळतीची बाजू घेणाऱ्यांनाही हे उदाहरण अडचणीचं आहे, कारण इथे वेश माणसाला खाऊन टाकत नाही, माणूस वेशात मावून जातो.

तुकडोजी महाराजांचं आणखी वेगळं. यावलीचा माणिक बंडोजी गुरूंच्या तोंडून ‘तुकड्या’ झाला, भजनाच्या शेवटी ‘तुकड्यादास’ म्हणू लागला आणि खंजिरीवर त्यांचा हात पडला की हजारो लोक डोलायचे. नाममुद्रा हे भजनी परंपरेतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ रंगमंचीय रूप आहे. तिला रंग लागत नाही.

आणि खडीगंमत. विदर्भातल्या या लोकनाट्यात सगळे उभ्यानं सादर करतात, म्हणून खडी. डफ, ढोलकी, तुणतुणं. गण होतो, गौळण होते, तिच्यात मावशी असते, तीही पुरुषच. नाच्या हा गंमतीचा प्राण. पण गावातली त्याची जागा बालगंधर्वांची नाही. पश्चिम महाराष्ट्रात तमाशापटांमुळे गणपत पाटील घराघरांत नाच्या म्हणून ओळखले गेले, आणि त्या ओळखीचे टोमणे आपल्या घरच्यांनाही सोसावे लागले हे त्यांनी स्वतः सांगितलं होतं. २००८ मध्ये ते गेले. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीत आणि तिच्यावरच्या २०१० च्या चित्रपटात गुणा कागलकरचं हेच झालं: पैलवान होता तोवर गावाचा मान, नाच्या झाला की बाईपणाचा शिक्का. शिक्का मारणारे तेच, जे रात्री शिट्ट्या मारत होते.

मला वाटतं, मराठी उदाहरणांतून जो मुद्दा पुढे येतो आणि रॉकच्या साहित्यात जवळजवळ गायब आहे, तो हा की सोंग उतरवता येणं ही सोय आहे आणि ती सगळ्यांना सारखी मिळत नाही. कूपरला ती पैशानं आणि उशिरा सुचलेल्या शहाणपणानं मिळाली. बालगंधर्वांना प्रतिष्ठेनं मिळाली, निदान काही वर्षं. नाच्याचा चेहरा धुतला तरी गावाच्या नजरेतला रंग उतरत नाही, म्हणून तो दुपारी हाकेला वळत नाही. जात आणि मजुरी यांचा हिशेब घातल्याशिवाय ऑस्लँडरचे तीन थर आमच्या ट्रॉलीमागे चालत नाहीत.

न मिटलेले प्रश्न

काही प्रश्न मात्र अजून खुले आहेत, आणि नवे उघडत आहेत.

पहिला मालकीचा. स्वीडनच्या ‘घोस्ट’ बँडचा गायक बरीच वर्षं पोपसारख्या वेशात, निनावी गात होता. प्रत्येक अल्बमबरोबर नवा ‘पापा’ गादीवर येई. २०१७ मध्ये जुन्या सहकाऱ्यांनी पैशांवरून खटला भरला आणि टोबियास फोर्ज हे नाव उघड झालं. मुखवट्यामागे कोण, हे शेवटी न्यायालयाच्या कागदांतून कळलं. किसनं २ डिसेंबर २०२३ रोजी न्यूयॉर्कमध्ये शेवटचा कार्यक्रम केला आणि त्याच रात्री आपली संगणकीय रूपं पुढे गात राहतील असं जाहीर केलं. पुढच्या वर्षी नाव, चेहरे आणि गाणी एका स्वीडिश कंपनीला विकली. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. त्या चार चेहऱ्यांनी या म्हणीचा उत्तरार्ध थोडा ढिला केला आहे.

भारतात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या बाजूनं आदेश देताना कृत्रिम बुद्धिमत्तेनं त्यांच्या आवाजाची नक्कल करायला मनाई केली. आवाज, नाव, लकबी यांना संरक्षण मिळालं. पण सोंगाचं काय? उद्या बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकांवरून यंत्रानं नवी भामिनी गायली, तर ती कुणाची? नारायण राजहंसांच्या वारसांची, नाटककार खाडिलकरांची, की जिनं कधी जन्मच घेतला नाही त्या भामिनीची? खडीगंमतीत हा प्रश्न पिढ्यानपिढ्या वेगळ्या रीतीनं सुटतो. मामाची लकब भाचा उचलतो आणि त्याबद्दल कुणी कुणाकडे पैसे मागत नाही. कंपनी आली की तेच उचलणं चोरी ठरेल.

दुसरा, जबाबदारीचा. रंगमंचावर जे बोललं गेलं ते पात्राचं, हे समर्थन कुठवर चालतं? कसबाची बाजू म्हणते पूर्णपणे, गळतीची म्हणते फारसं नाही. आपल्याकडे शाहिराला आणि सोंगाड्याला राजालाही टोचण्याची मुभा परंपरेनं दिली आहे. ती मुभा आजच्या रॅपरला आहे का, यावर एकमत नाही.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो. आता तरुण पुरुष लावणी करतात, शहरांतल्या सभागृहांत, तिकीट लावून, टाळ्यांत. काही जण त्यातून आपल्या लैंगिक ओळखीविषयी मोकळेपणानं बोलतात. नाच्याला जे नाकारलं गेलं ते त्यांना मिळत आहे, असं काही अभ्यासक म्हणतात. काहींच्या मते हे पुन्हा साफ करून घेणंच आहे. फड, बारी आणि गंमत मागेच राहिली. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं, आणि ते मोजायला साधन नाही. गंमतीचे नाच्ये कमी होत आहेत एवढं मात्र डोळ्यांना दिसतं. आमच्या भागात यात्रेत आता ऑर्केस्ट्रा आणि डीजे येतो; पूर्व विदर्भात झाडीपट्टीच्या नाटकांनी दिवाळीनंतरचे महिने भरून टाकले आहेत, आणि त्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे नायिकांच्या भूमिका बायकाच करतात.

गेल्या वर्षी यात्रेहून परतताना त्या बागेपाशी थांबलो. ट्रॉलीमागे तयार होणारा माणूस आता सत्तरीच्या पुढे आहे. तोड पोरं करतात, तो बांधावर बसून क्रेट मोजतो. त्याला लहानपणीची ती हाक आठवते का, म्हणून विचारलं. म्हणाला आठवते. मग त्यानं स्वतःच ते रात्रीचं नाव उच्चारलं, एकदाच, आणि पोरांना ऐकू गेलं का ते मागे वळून पाहिलं.